हिरामण पष्टे आणि पलीकडची पत्रं

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये हिरामण पष्ट्याचं दुकान शोधायला नीट पत्ता लागत नाही. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांची ओळ संपली, निळ्या चिंध्यांची गाठोडी रस्त्यावर आलेली दिसली, की कुणालाही विचारावं, "झेरॉक्सवाला मराठी किधर?" शिवणारा मान वर करत नाही, नुसता अंगठा दाखवतो. त्या अंगठ्याच्या दिशेला सात फूट रुंद, चौदा फूट खोल असं ते दुकान. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक लॅमिनेशनचं, आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच खुर्ची. दुसरी ठेवली तर लोक गप्पा मारत बसतात, असा हिरामणचा अनुभव.

हिरामण मूळचा मुरबाडकडचा. दहावीनंतर चार वर्षं घरच्या भाताच्या शेतात काढून तो मामाबरोबर कॅम्पात आला आणि परसराम सेठच्या छापखान्यात लागला. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून छापायचे दिवस होते ते. सेठ सिंधी, गिऱ्हाईक सिंधी, त्यामुळे लग्नपत्रिका आणि बाराव्याच्या चिठ्ठ्या सिंधीत निघायच्या, आणि त्याही जुन्या, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत. अक्षरं मोजून बावन्न. ती जुळवणारा माणूस एकच, आणि त्याला दमा. एकदा तो महिनाभर अंथरुणाला खिळला तेव्हा सेठ हिरामणला म्हणाला, "तू जुळव."

"मला येत नाय सेठ."

"मराठी तरी आईच्या पोटातून शिकून आलास काय?"

सेठकडे असल्या प्रश्नांचा साठा मोठा होता आणि उत्तराची वाट बघायची सवय नव्हती. हिरामण शिकला. दोन वर्षांत वाचायला लागला, चार वर्षांत सेठला दुरुस्त करायला लागला. एकदा बाराव्याच्या चिठ्ठीत सेठनं घाईत बापाच्या जागी मुलाचं नाव लिहून दिलं होतं. हिरामणनं मूळ कागदाशी ताडून बघितलं म्हणून बरं, नाहीतर धडधाकट पोरगा आपल्याच बाराव्याला पाहुण्यांना पाणी देताना दिसला असता. तो पोरगा पुढं कितीतरी दिवाळ्या हिरामणकडे मिठाईचा पुडा पाठवत होता. चिठ्ठीवर दरवर्षी तेच लिहायचा, 'जिवंत आहे.'

छापखाने बंद पडले, सेठ गेला, हिरामणनं कॉम्प्युटर घेतला. पण सेठचा एक धडा त्यानं सोडला नाही. गिऱ्हाइकाच्या कागदातली अक्षरं बघायची, त्यातल्या भानगडीत शिरायचं नाही. जेवढं सांगितलं तेवढंच उघडायचं. पेन ड्राइव्हमध्ये दहा फायली असल्या तरी सांगितलेली एकच छापायची, आणि गिऱ्हाईक म्हणालं 'न उघडता पाठव', तर न उघडता पाठवायची. या धड्यावर दुकान चाललं होतं. एकदा किराणावाल्या दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी एकमेकांविरुद्धच्या नोटिसा त्याच्याकडून टाइप करून नेल्या. थोरला सकाळी आला, धाकटा दुपारी. धाकट्यानं जाताना विचारलं, "हमारा भाई तो नहीं आया था?" हिरामण म्हणाला, "चाय पियोगे?" पुढं त्या भावांचं मिटलं, पण विश्वासाच्या कामाला दोघंही अजून हिरामणकडेच येतात.

तर असा हा माणूस. राहायला बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत. बायको अंजनी. मुलगी लग्न होऊन शहापूरला. रोज स्कूटरवरून अंबरनाथमार्गे कॅम्पात यायचं, संध्याकाळी परत. त्याच्या आयुष्यात परदेश म्हणजे लोकांच्या व्हिसाच्या फॉर्मातला रकाना, एवढंच होतं.

मग ईश्वरी अम्माचा डबा आला.

ईश्वरी अम्मा मागच्या गल्लीतली. वय ऐंशीला एक कमी. घरात तीन पिढ्यांचा सिंधी पापडाचा धंदा, आता सुना बघतात. तिचे बाबा टोपणदास, सिंधमधल्या शिकारपूरच्या शाळेत कारकून होते. फाळणीनंतर तीन वर्षांच्या ईश्वरीला खांद्यावर घेऊन इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आले आणि पापड लाटायला बसले. त्या शाळेतले मास्टर अल्लाहबख्श त्यांचे जिवाभावाचे दोस्त. ते मागंच राहिले, त्यांचंच गाव ते. दोघांची पत्रं मात्र पासष्ट सालच्या लढाईपर्यंत चालू होती. मास्टरांकडून आलेली त्रेचाळीस पत्रं अम्मानं मिरीच्या डब्यात ठेवली होती. इतकी वर्षं जवळ बाळगली, पण वाचता एकही येईना. अम्माची शाळा हिंदी. बाबा जुनी लिपी शिकवायला बसले की ती गच्चीवर पळायची.

"बाबा बोलते थे, ईश्वरी, पछताएगी," अम्मा हिरामणला म्हणाली. "देख पुट, पछता रही हूँ. तू पढ."

हिरामण दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवायचा. त्या वेळात तो अम्माकडे जाऊ लागला. कागदाला मिरीचा असा वास, की दर चार ओळींनी त्याला शिंक यायची. अम्मा म्हणायची, "मास्टरजी पे छींक रहा है." तो एक ओळ सिंधीत वाचायचा, मग अवघड शब्द हिंदीत सांगायचा, आणि घरी जाऊन सगळं मराठीत वहीत उतरवायचा. का उतरवायचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तीन वह्या भरल्या.

पण पत्रं ही अर्धीच. सगळी उत्तरं. 'तू विचारलंस ते खरं आहे.' 'तू पाठवलेला हिशोब वाचून हसलो.' 'त्या माणसाला माझाही सलाम सांग.' काय विचारलं होतं, कसला हिशोब, कोण माणूस? ते सगळं टोपणदासांच्या पत्रांत, आणि ती पत्रं सिंधमध्ये, असली तर. अम्माकडे बापाच्या हाताची एक ओळसुद्धा नव्हती. पापडाच्या धंद्यात लिहायला लागत नाही.

हे सगळं हिरामणनं दिनानाथ सरांना सांगितलं. सांगणारच. सर अंबरनाथला कानसईत राहणारे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. बावीस वर्षं त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध हिरामणनं टाइप केले होते. त्या एका खुर्चीवर गप्पा मारत बसायची परवानगी फक्त सरांना होती. सर डबा उघडला की पहिला घास हिरामणला द्यायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "हा कॉलेजात गेला असता तर माझी नोकरी गेली असती."

सरांनी पत्रांचं ऐकलं आणि पंधरा दिवसांनी उड्या मारतच आले. कराचीतल्या मेहर नावाच्या प्राध्यापक बाईंचा एक लेख त्यांना नेटवर सापडला होता. आजोबांच्या ट्रंकेत उल्हासनगरच्या कुणा टोपणदासाची साठेक पत्रं निघाली, असं तिनं लिहिलं होतं. आजोबांचं नाव मास्टर अल्लाहबख्श.

हिरामण झेरॉक्स मशीनचं झाकण उघडं टाकून उभा राहिला. मशीन तीनदा रिकामं चमकलं.

"सर, ती पत्रं बघायला मिळतील?"

"ती इकडे येऊ शकत नाही, आपण तिकडे जाऊ शकत नाही. पण एक वाट आहे."

ती वाट म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अभ्यासवृत्ती. सरांनी खुर्ची पुढं ओढून समजावून सांगितली. इतिहास, भाषा, गाणी, पत्रव्यवहार, म्हणजे ज्यातून विकण्यासारखं काही निघत नाही असा सगळा अभ्यास तिच्यात बसतो. अट एवढीच, की दोन वेगळ्या प्रदेशांनी तो मिळून करायचा. ज्यांना एकमेकांकडे जाता येत नाही त्यांच्यासाठी तिसऱ्या देशात टेबल मांडून देतात. चार महिने जर्मनीत. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवायचे आणि वाचायचे. प्रत्येक बाजूनं दोन माणसं. एक विद्यापीठातलं, दुसरं विद्यापीठाबाहेरचं, पण त्या कागदांची लिपी जाणणारं.

"बाहेरचा म्हणजे तू," सर म्हणाले. "शिक्षणाची अट नाही. मी तीनदा वाचून बघितलं."

"मी जर्मनीत काय करू सर?"

"इथं करतोस तेच. वाचायचं आणि शिंकायचं."

हिरामणनं आयुष्यात कशाचा हट्ट धरला नव्हता. याचा धरला. पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला पोलीस बेलवलीत आला तेव्हा शेजारणीनं अंजनीला विचारलं, "काय केलं वो भावजींनी?" अंजनी म्हणाली, "वाचायला चाललेत." शेजारणीला ते पटलं नाही. सोनू टेलरनं जीन्सच्याच जाड कापडाचा, आतून फ्लॅनेल लावलेला गुडघ्याएवढा कोट शिवून दिला. तो घालून हिरामण भर एप्रिलात दुकानासमोर उभा राहिला तेव्हा अर्धी गल्ली जमली. एकानं विचारलं, "अंदर पंखा लगाया क्या?" सोनू म्हणाला, "जर्मनी में लगेगा."

आणि अम्मानं सगळी त्रेचाळीस पत्रं डब्यासकट हिरामणच्या हातात दिली, स्कॅन करायला. घरच्यांनाही ती हात लावू देत नव्हती. "मेरे बाबा का अक्षर देख के आ," एवढंच म्हणाली. "फोटो नहीं, तू देख के आ. फिर मुझे बता, सीधा लिखते थे कि टेढ़ा."

सरांनी हिरामणकडून त्याची माहिती मागून घेतली. छापखाना, परसराम सेठ, बावन्न अक्षरं, वह्या, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं दोन पानांत मराठीत लिहून दिलं. आयुष्य दोन पानांत मावलं याचं त्याला जरा वाईट वाटलं, म्हणून अक्षर मोठं काढलं होतं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सर दुकानात आले. त्यांचा स्वतःचा भाग हिरामणनं आधीच इंग्रजीत टाइप केला होता. स्कॅन तयार होते. सरांनी पेन ड्राइव्ह पुढं केला.

"दुसऱ्या माणसाचा भाग मी घरी इंग्रजीत करून आणलाय. न उघडता चढव. मांडणी हलते उघडल्यावर."

हिरामणनं फाइल शोधली, चढवली, बटण दाबलं. आपल्याच आयुष्याचं इंग्रजी कसं दिसतं ते बघावं असं एकदा मनात आलं होतं. पण गिऱ्हाइकानं न उघडता म्हटलं होतं, आणि गिऱ्हाईक दिनानाथ सर होते. अर्जात मेलचा पत्ता दुकानाचा दिला. सरांचं सगळं बावीस वर्षं त्याच पत्त्यावर येत होतं.

उत्तर जूनमध्ये आलं. विषयाच्या ओळीतच अभिनंदन होतं. हा काही गिऱ्हाइकाचा कागद नव्हता, त्याच्या घरचा होता, म्हणून हिरामणनं उघडला. इंग्रजी त्याला अडत अडत वाचता येत असे. अभिनंदन डॉक्टर दिनानाथ. अभिनंदन डॉक्टर वरद. आडनाव दोघांचं एकच.

त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं. त्यानं पुन्हा वाचलं. खाली निवडलेल्या माणसांची ओळख छापली होती. वरद यांच्या कुटुंबाचा उल्हासनगरच्या सिंधी छपाईशी तीस वर्षांचा संबंध आहे. कॅम्प चारमधल्या एका छापखान्यात त्यांनी सिंधीची बावन्न अक्षरं आत्मसात केली. त्रेचाळीस पत्रांचं वाचन त्यांनी तीन वह्यांत पूर्ण केलं आहे. सध्या ते कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नाहीत.

हे शेवटचं तेवढं खरं होतं. वरद सरांचा पुतण्या, पुण्याहून डॉक्टरेट घेऊन दोन वर्षं नोकरी शोधत होता. हिरामणनंच त्याचा बायोडेटा चाळीस ठिकाणी पाठवला होता.

नुसतं नाव गाळलं असतं तर हिरामणनं कदाचित समजून घेतलं असतं. दहावी पास माणूस गाळला जातो, त्याला सवय असते. पण दम्याच्या माणसाच्या आजारपणातला तो महिना, सेठची बोलणी, शिशानं काळी झालेली बोटं, हे कोट काढून दुसऱ्याच्या अंगात घालावा तसं वरदच्या अंगात घातलं होतं, आणि ते पाठवणारं बटण हिरामणच्या बोटानं दाबलं होतं. त्यानं ती फाइल आता उघडली. अडीच पानं. भाषांतर उत्तम होतं.

त्यानं मेल छापला आणि दुकान बंद करून घरी आला. अंजनीनं तोंड बघितलं आणि भाकरीचं पीठ तसंच ठेवून समोर बसली. त्यानं सांगितलं.

"मग त्या लोकांना मेल टाका," ती म्हणाली. "म्हणावं हा माणूस तो नाय. मी तो."

"टाकला तर ते सगळंच रद्द करतील. मग ती पत्रं कधी एका टेबलावर येतील?"

"तुमाला पत्रांची पडलीय?"

हिरामणनं छापलेला मेल घडी करून खिशात ठेवला.

"सर तुमच्या ताटात जेवलेत," अंजनी म्हणाली. "आपल्या पोरीच्या लग्नात अक्षता वाटत फिरत व्हते."

दुसऱ्या दिवशी सर आले. हिरामणनं छापलेला मेल त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी चष्मा लावला, वाचला, आणि आधी खालची अटच बोटानं दाखवली.

"पंधरा दिवसांत पत्रांच्या मालकाची संमती पाहिजे म्हणतात. सहीसकट. अम्माची सही तूच आण. ती माझ्या हाती देणार नाही."

"सर, वर काय लिहिलंय?"

सरांनी चष्मा काढला. "हे बघ हिरामण. तीनशे अर्ज होते. दहावी पास बघितलं की पहिल्याच चाळणीत गेलो असतो."

"शिक्षणाची अट नाय बोललात तुमी. तीनदा वाचलंत."

"अट नसते लिहिलेली. असते."

"मग तुमच्या पुतण्याचंच लिहायचं ना. माझं कशाला घातलंत त्याच्यात?"

सरांनी बाहेरच्या गाठोड्यांकडे बघितलं. "त्याचं काय लिहिण्यासारखं आहे?" ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. "चौतीस वर्षांचा झाला. माझ्या भावाला मी काय सांगू? तुझं दुकान आहे. तुझं काय अडलंय? पुस्तक निघेल तेव्हा पहिल्या पानावर तुझे आभार मानतो. ठळक अक्षरात."

"वाचता येतं का त्याला?"

"तुझ्या वह्या आहेत ना. आपल्याकडच्या पत्रांना तेवढं पुरेल. पलीकडची मेहर वाचील."

म्हणजे वह्यासुद्धा हिशोबात धरल्या होत्या. हिरामणनं संमतीचा फॉर्म छापून घेतला. सर उठताना सवयीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, मधेच थांबले आणि तो हात त्यांनी छत्रीकडे नेला.

पुढचे चार दिवस हिरामण अम्माच्या गल्लीत गेला नाही. तिकडून यायचं असलं तर वळसा घालून यायचा. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. तिला न सांगता सही घेतली तर तो आणि सर एकाच माळेत. सांगितलं तर ती सही करणार नाही, असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. तिनं कागद फाडावा. आपण काही करायला नको. पाचव्या दिवशी तो दुपारी दोन वाजता तिच्याकडे गेला.

अम्मा गच्चीवर वाळवणाची राखण करत खाटेवर बसली होती. त्यानं फॉर्म काढला आणि वाचायला सुरुवात केली. एक ओळ इंग्रजीत, मग हिंदीत अर्थ. शब्द गाळला नाही. पत्रं कोण वापरणार, कुठं ठेवणार, कोणाची नावं. शेवटपर्यंत वाचलं.

अम्मा म्हणाली, "फिर से नाम पढ."

त्यानं वाचली.

"वरद कौन?"

"सर का भतीजा."

"तू?"

"मैं नहीं हूँ अम्मा."

अम्मानं एक पापड उलटला. मग दुसरा. "उस को बाबा की लिपि आती है?"

"नहीं."

"तो वो जाके क्या करेगा?"

हिरामणला हसू आलं, पण ते बाहेर आलं तेव्हा वेगळंच काही झालं. त्यानं रुमाल काढला. अम्मानं तिकडं बघितलं नाही, पापडच उलटत राहिली. तेवढा तिला माणसाचा मान कळत होता.

"मैंने तेरे को दिए थे," ती म्हणाली. "सर को नहीं, कॉलेज को नहीं. अब तू बोल. साइन करूँ कि नहीं?"

"आपके पत्र हैं."

"मेरे हैं इसलिए तेरे से पूछती हूँ. तू ना बोल, मैं फाड़ देती हूँ. अभी."

चार दिवस ज्याची वाट बघितली ते तिनं त्याच्या तळहातावर आणून ठेवलं होतं. 'ना' एवढंच म्हणायचं होतं. सरांचं जर्मनी, पुतण्याचं जर्मनी, ठळक अक्षरातले आभार, सगळं त्या वाळवणावर पडून राहिलं असतं. हिरामणनं तोंड उघडलं. मग त्याला ती ट्रंक आठवली, न बघितलेली. कराचीत कुठल्यातरी घरात. मेहरबाईला त्या साठ पत्रांत प्रश्नच प्रश्न दिसत असतील, उत्तरं नसतील. आणि समोर अम्मा. ऐंशीला एक कमी.

"कीजिए," तो म्हणाला.

"पक्का?"

"उन में से कोई तो फोटो भेजेगा. बाबा का अक्षर तो दिखेगा."

तिनं हिंदीत सही केली. ईश्वरी टोपणदास. नवऱ्याचं नाव लावलं नाही. सही झाल्यावर फॉर्म परत देताना म्हणाली, "मैं समझी थी तू ना बोलेगा." त्या बोलण्यात कौतुक होतं की थोडी निराशा, हे हिरामणला आजवर कळलेलं नाही. मात्र तिनं विचारायलाच नको होतं, असं त्याला जिना उतरताना वाटलं. त्या एका गोष्टीचा त्याला तिच्यावर राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

सर फॉर्म न्यायला आले. सही बघून त्यांनी मान हलवली. "मला माहीत होतं तू आणशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

हिरामण कीबोर्ड पुसत होता. पुसता पुसता थांबला. चाळणी, पुतण्या, भाऊ, या सगळ्यापेक्षा त्याला हे वाक्य लागलं. त्याच्या चांगुलपणाचीही त्यांनी अर्ज भरतानाच बेरीज केली होती.

"आणि वह्या?" सर म्हणाले. "तिन्ही दे. वरद पुढच्या आठवड्यात टाइप करायला बसणार आहे."

"वह्या नाय मिळणार."

"म्हणजे?"

"संमती पत्रांची आहे. पत्रांचे स्कॅन तुमच्याकडे आहेत. वह्या माझ्या हातच्या आहेत."

"अरे, त्याशिवाय आम्ही तिथं काय वाचणार?"

"बावन्न अक्षरं आहेत, सर. वरद डॉक्टर आहे. नुसती ओळखायला मला एक महिना लागला, त्याला पंधरा दिवस लागतील."

"एवढ्या मेहनतीचं काम वाया घालवतोस तू."

"वाया कसं? अम्माला सगळं वाचून दाखवलंय मी."

सर खुर्चीवर बसले होते. उठले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. त्यांचं टाइपिंग आता अंबरनाथलाच कुठंतरी होतं. दुपारी डबा उघडला की हिरामणचा हात पहिल्या घासाशी जरा थबकतो. बावीस वर्षांची सवय, तिला काय माहीत काय झालं ते. त्यानं सरांबद्दल गल्लीत कुणाला वाईट सांगितलं नाही. कोटाचं विचारलं तर म्हणतो, जर्मनीनं तारीख पुढं ढकलली.

ऑक्टोबरात काका-पुतणे गेले. अम्मा दर आठवड्याला विचारायची, फोटो आला? नाही आला. सरांनी निरोप पाठवला की अहवाल पूर्ण होईपर्यंत कागद बाहेर देता येत नाहीत, नियम आहे. डिसेंबरात जर्मनीतल्या त्या संस्थेच्या नेटवरच्या पानावर एक फोटो लागला. हिरामणला तो सापडला, कारण तो रोज बघत होता. मोठं टेबल, काचेच्या खिडक्या, बाहेर बर्फ. सर उभे, शेजारी ओढणी घेतलेली एक बाई, ती मेहर असणार. वरद खुर्चीत बसून, टेबलावर कोपर टेकून कॅमेऱ्याकडे बघतोय. टेबलावर पत्रं पसरलेली. डावीकडची ओळखीची, मिरीचे डाग पडलेली. उजवीकडची कधी न बघितलेली.

हिरामणनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. उजवीकडच्या वरच्या पत्राची अक्षरं फुटायला लागली तिथं थांबला, जरा मागं आला. वाचता येत होतं. त्यानं बाहेर 'पाच मिनिटांत येतो'ची पाटी लावली, ते पान छापलं आणि अम्माकडे गेला.

"बाबा का है," त्यानं सांगितलं. "टेढ़ा लिखते थे. लाइन ऊपर जाती है, ये देखो."

अम्मानं कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. बराच वेळ धरला. मग त्याच्या हातात परत दिला. "पढ."

त्यानं वाचलं. भाऊ, इकडे आम्ही पापड लाटायला लागलो. हाताला अजून सवय नाही, पहिल्या दिवशी सगळे नकाशासारखे झाले, तरी विकले गेले. ईश्वरी आता गल्लीतल्या पोरांशी बोलायला लागली आहे, आणि काल तिनं

हिरामण थांबला.

"आगे?" अम्मा म्हणाली.

"इतना ही दिखता है."

"कल मैंने क्या किया?"

"आगे के ऊपर वरद की कोहनी है, अम्मा."